मेरू, मोहरी आणि तागडी

कोल्हापुरात संस्थानकाळी राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या राजारामपुरीत पत्ता सांगणाऱ्यास देवाचे, वीराचे अथवा एखाद्या दानशूर शेटजीचे नाव आठवावे लागत नाही. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असे आकडे ओळीने चालत जातात आणि परगावाहून आलेला पाहुणाही, मोजता येते एवढ्याच भांडवलावर, इच्छित दारापर्यंत पोहोचतो. नावावरून भांडण होते, आकड्यावरून सहसा होत नाही, हा या आखणीचा मोठा गुण. या गल्ल्यांपलीकडे सागरमाळाच्या अंगाला राजाराम कॉलेजची आजची इमारत आहे आणि तेथून जवळच १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. राजारामपुरीत खोली घेऊन राहणारा विज्ञानशाखेचा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री अणूच्या रचनेचा जो धडा दोन तासांत उरकतो, तो मनुष्यजातीला पाठ होण्यास दोन-अडीच हजार वर्षे लागली. आणि त्या धड्याचा मराठी मसुदा ज्या थोड्या गावांत प्रथम तयार झाला, त्यांत कोल्हापूर हे एक होते.

राजाराम हायस्कुलास कॉलेजचा दर्जा मिळाला तो १८८० साली. जुन्या राजवाड्याच्या परिसरातील या विद्यालयात पुढे ज्यांचे नाव देशभर झाले ते गोपाळ कृष्ण गोखले विद्यार्थी होते. याच संस्थेत शास्त्रविषय शिकविण्याचे काम बाळाजी प्रभाकर मोडक या गृहस्थांकडे होते. मोडकांचा जन्म १८४७ चा आणि मृत्यू १९०६ चा. या एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी रसायन, पदार्थविज्ञान इत्यादी विषयांवर मराठीत पुस्तके रचली. आणि ज्या हाताने रसायन लिहिले त्याच हाताने दक्षिणेतील मुसलमानी राज्यांचा इतिहासही लिहून काढला. त्या काळच्या विद्वानांस या दोन कामांत विसंगती वाटत नसे. दप्तरातील कागद असो की परीक्षानळीतील क्षार, साक्षीदाराला उलटसुलट प्रश्न विचारून खरे काय ते काढून घेणे हा धंदा एकच. परंतु मोडकांच्या वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी परमाणूची जुनी कैफियत ऐकून घेतली पाहिजे. कारण त्यांच्यापुढे बसलेली मुले हा शब्द घरूनच घेऊन आलेली होती.

कणादाच्या नावाने चालत आलेल्या वैशेषिक दर्शनात परमाणूची कल्पना पूर्ण वाढलेली दिसते. अंधाऱ्या खोलीत झरोक्यातून उन्हाची तिरीप उतरावी आणि तीत धुळीचे कण तरंगताना दिसावेत, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वैशेषिकांच्या जोडीने चालणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्या दिसणाऱ्या सूक्ष्मतम कणास त्र्यणुक अथवा त्रसरेणु म्हटले. तो तीन द्व्यणुकांचा बनलेला, द्व्यणुक दोन परमाणूंचे, म्हणजे परमाणू हा त्या उन्हातल्या कणाचा सहावा हिस्सा, असा त्यांचा हिशेब होता. पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे परमाणू चार जातींचे, नित्य आणि अविनाशी. आकाश मात्र एकसंध. हे सर्व मानण्याची गरज काय, असे विचारणाऱ्यास त्यांचे उत्तर मोठे रोकडे होते. पदार्थाचे तुकडे करीत गेल्यास शेवट येतच नाही असे मानले, तर मेरू पर्वताचे अवयवही अनंत आणि मोहरीच्या दाण्याचे अवयवही अनंत. मग दोहोंचे परिमाण समान मानण्याची आपत्ती येईल. मेरू मोठा आणि मोहरी लहान हा अनुभव खरा ठरवायचा असेल, तर तुकड्यांना कोठे तरी थांबले पाहिजे.

या युक्तिवादास प्रतिपक्ष नव्हता असे नाही. वसुबंधूसारख्या बौद्ध आचार्याने विचारले की मध्ये ठेवलेल्या परमाणूस एकाच वेळी सहा दिशांनी सहा परमाणू येऊन चिकटले, तर त्यास सहा बाजू आहेत असे होते. आणि ज्यास बाजू आहेत तो निरवयव कसा? शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात परमाणुवादाचा समाचार घेतला आहे. ग्रीसमध्ये ल्युसिपस आणि डेमॉक्रिटस यांनी ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अशीच कल्पना मांडली आणि ॲरिस्टॉटलच्या दरबारात तिचीही अशीच बोळवण झाली. वाद उच्च कोटीचा होता, बुद्धी तीक्ष्ण होत्या. पण दोन्ही पक्षांचे पुरावे वाणीने दिलेले होते आणि वाणीनेच खोडले जात होते. परमाणूस रूप, रस, गंध, स्पर्श असे गुण मोजून दिले गेले. एका जातीचा परमाणू दुसऱ्या जातीच्या परमाणूहून किती पट जड, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आणि तागडी तर गावातच होती. कोल्हापूरच्या गुजरीत आजही सोनाराच्या पेढीवर क्षणभर उभे राहावे. पूर्वी आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या कोष्टकावर तेथील सारा व्यवहार चाले. रानातल्या वेलीची ती तांबडी, काळ्या ठिपक्याची बी पारड्यात पडली की श्रीमंताच्या साजाचा आणि गरिबाच्या मण्याचा एकाच न्यायाने निवाडा होई. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहावा, हिणकस निघाल्यास मुशीत टाकून शुद्ध करावे, आणि आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहावे, हा तेथील रोजचा शिरस्ता. दुकानापुढची धूळ धुऊन तीतून सोन्याचे कण वेचणारे झारेकरी याच पेठेच्या आधाराने जगत आले. सोने विखुरते पण नष्ट होत नाही, ही गोष्ट त्यांना कोणत्याही दर्शनावाचून ठाऊक होती. परमाणू नित्य आहे असे पाठशाळेत म्हणणारा शास्त्री आणि सोने नित्य आहे हे धुळीतून सिद्ध करणारा झारेकरी एकाच शहराचे पाणी पीत होते, पण त्यांची गाठ पडण्याची सोय आपल्या समाजाने ठेवलेली नव्हती. शास्त्र्याच्या हाती तागडी आली नाही आणि सोनाराच्या हाती पोथी.

युरोपातही ही गाठ फार उशिरा पडली. पॅरिसमध्ये लाव्हाझिए या सरकारी करवसुलीच्या कारभाऱ्याने रसायनशाळेत तागडीला मुख्य न्यायाधीशाचे आसन दिले. भट्टीत काय घातले आणि भट्टीतून काय निघाले यांचा जमाखर्च त्याने पैशाच्या हिशेबासारखा जुळविला आणि १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच करवसुलीपायी त्याचे शिर गेले. मागोमाग प्रूस्तने दाखविले की कोणतेही संयुग कोठूनही आणा, त्यातील घटकांच्या वजनांचे प्रमाण बदलत नाही. आणि मग इंग्लंडच्या एका विणकराचा मुलगा पुढे आला.

जॉन डाल्टन याचा जन्म १७६६ चा. बाराव्या वर्षी तो खेड्यातल्या शाळेत पंतोजी झाला होता, त्याला रंगांतला भेद नीट ओळखता येत नसे, आणि हवामानाची रोजनिशी तो १७८७ पासून १८४४ साली मरेपर्यंत लिहीत राहिला. मँचेस्टर शहरात शिकवण्या करून राहणाऱ्या या साध्या मनुष्याने १८०३ च्या सप्टेंबरात आपल्या टिपणवहीत एक छोटे कोष्टक मांडले. हायड्रोजनचा परमाणू एक वजनाचा धरला, तर ऑक्सिजनचा किती, नायट्रोजनचा किती, कार्बनचा किती, एवढेच त्यात होते. आकडे चुकीचे होते. पाण्यात एक परमाणू हायड्रोजनचा आणि एकच ऑक्सिजनचा असतो अशी त्याची समजूत होती, त्यामुळे ऑक्सिजनचे वजन त्याने निम्म्याहूनही कमी धरले. तरीही परमाणूच्या इतिहासात जुना काळ संपून नवा सुरू झाला तो या चुकीच्या कोष्टकापासून. मेरू-मोहरीचा युक्तिवाद बरोबर की चूक हे ठरविण्याचे साधन नव्हते. डाल्टनचा आकडा चूक आहे हे मात्र पुढच्याला तागडीवर दाखविता येत होते. चूक सिद्ध होण्याची जोखीम परमाणूने प्रथमच पत्करली.

ती दुरुस्ती होण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये परमाणू आणि परमाणूंचा समूह यांतील भेद स्पष्ट केला, तो कोणी मनावर घेतला नाही. १८६० साली कार्ल्सरुहे येथील परिषदेनंतर कानिझारोने तो रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरविला. मूलद्रव्यांचे वजनाप्रमाणे रकाने पाडून मेंडेलेयेव्हने १८६९ मध्ये आपली सारणी लिहिली आणि काही रकाने मोकळे सोडून, येथे अमुक वजनाचा, अमुक स्वभावाचा भाडेकरू येईल असे भाकीत केले. गॅलियम १८७५ मध्ये आले, स्कँडियम १८७९ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये.

या तारखा मोडकांच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहाव्यात. कोल्हापुरात राजाराम कॉलेज सुरू होऊन सहा वर्षे होतात न होतात तोच जर्मनीत ते भाकीत खरे ठरले. परमाणुवाद हा तेव्हा शिळ्या पुस्तकातला निर्जीव धडा नव्हता, तो चालू खटला होता. ओस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखे धुरंधर पंडित परमाणूचे अस्तित्व मानण्यास साफ नकार देत होते. असा अनिर्णीत विषय, ज्या भाषेत त्याचे शब्दच नाहीत त्या भाषेत मांडावयाचा, हे काम मोडकांच्या पिढीतील लेखकांनी अंगावर घेतले. अडचण शब्द नसण्याची जेवढी, तेवढीच असलेल्या शब्दाची होती. परमाणू म्हणताच वाचकाच्या मनात चार महाभूते, नित्यत्व आणि द्व्यणुक हा सारा सरंजाम उभा राही. ग्रंथकाराला त्याच शब्दात साठ-सत्तर मूलद्रव्ये, वजने आणि संयोगाचे नियम बसवावयाचे होते. जुन्या वाड्याला आतून नव्या भिंती घालण्याचे हे काम, नवी इमारत बांधण्यापेक्षा अवघड. मराठीत पुढे अणू आणि परमाणू हे दोन्ही शब्द बराच काळ शेजारी शेजारी नांदले. शेवटी मूलद्रव्याच्या लघुतम कणास अणू आणि अणूंच्या समूहास रेणू अशी वाटणी झाली. हिंदीत पहिल्यास परमाणु आणि दुसऱ्यास अणु म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांतून वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ होऊ शकतो. पण झरोक्यातल्या त्रसरेणूचे नाव मराठीने नव्या विज्ञानात जिवंत ठेवले, हे आपले भाग्य.

मोडकांच्या पुस्तकांची खरी योग्यता इंग्रजी न येणाऱ्या वाचकाच्या बाजूने पाहिली म्हणजे ध्यानात येते. तागडी धरणारा हात आणि पोथी धरणारा हात यांच्यामध्ये जी भिंत होती, तिला मराठी ग्रंथाने पहिली खिडकी पाडली. त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, जातीजातींची वसतिगृहे उभारली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. खिडकीचा दरवाजा करण्याचे काम या हुकुमांनी केले. परमाणूच्या इतिहासात वटहुकमांचा संबंध काय, असे वाचकास वाटेल. पण डाल्टन हा विणकराचा मुलगा होता आणि त्यास शाळेत बसण्यास कोणी मज्जाव केला नाही, ही गोष्ट त्या इतिहासातील दुय्यम गोष्ट खचितच नव्हे.

मोडक वारले तेव्हा परमाणूचे अविभाज्यत्व आधीच धोक्यात आले होते. जे. जे. टॉमसन याने १८९७ मध्ये हायड्रोजनच्या परमाणूपेक्षाही सुमारे अठराशे पटींनी हलका असा ऋणविद्युत्भारित कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, उजेडात आणला होता. बेकरेल आणि क्यूरी दांपत्य यांनी काही परमाणू आपोआप किरण फेकतात हे दाखविले होते. गंमत अशी की परमाणू फुटतो हे कळले आधी, आणि तो खरोखर आहे याविषयी शेवटच्या संशयी पंडितांची खात्री पटली नंतर. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड धडपड कशामुळे, याचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले, पेरँने प्रयोगाने ते पडताळले आणि परमाणूंची शिरगणती शक्य झाली. १९०९ पर्यंत ओस्टवाल्डनेही आपला हट्ट सोडला. त्या शिरगणतीच्या आधाराने आता गुजरीतल्या गुंजेचा हिशेब सांगता येतो. एक गुंजभर शुद्ध सोन्यात जे अणू मावतात त्यांची संख्या ३७ या आकड्यावर एकोणीस शून्ये दिली म्हणजे होते. उन्हातल्या कणाचा सहावा हिस्सा हा अंदाज किती उदार होता, हे यावरून दिसेल.

पुढचा प्रयोग सोन्यावरच झाला, आणि झाला तो डाल्टनच्याच मँचेस्टरमध्ये. न्यूझीलंडहून आलेल्या रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूंच्या पातळ वर्खांवर अल्फा कणांचा मारा केला. वापरलेला सोन्याचा वर्ख इतका पातळ की त्याची जाडी सेंटीमीटरच्या एक लक्ष भागांपैकी चार भाग भरावी. बहुतेक कण काही घडलेच नाही अशा थाटात आरपार गेले. पण सुमारे वीस हजारांत एखादा कण काटकोनात वा त्याहूनही अधिक वळून माघारी फिरला. त्या एका कणाची साक्ष बाकीच्या एकोणीस हजार नऊशे नव्याण्णवांपेक्षा भारी ठरली. रदरफोर्डने १९११ मध्ये तिचा अर्थ लावला: अणूचे जवळजवळ सारे वजन आणि सारा धनभार मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात कोंडलेला आहे, आणि उरलेला अणू म्हणजे इलेक्ट्रॉनांचा विरळ वावर असलेली पोकळी.

या पोकळीची कल्पना येण्यास शाहू महाराजांनी बांधविलेले खासबागेचे कुस्तीमैदान डोळ्यांपुढे आणावे. भोवतीच्या प्रेक्षकांसकट सगळे मैदान म्हणजे एक अणू मानला, तर हौद्याच्या मध्यभागी ठेवलेला मोहरीचा एखादा दाणा म्हणजे त्याचे केंद्रक. आणि मैदानाच्या वजनाचे हजारातील नऊशे नव्याण्णवांहून अधिक भाग त्या दाण्यात. येथे नैयायिकांची मोहरी पुन्हा भेटते, आणि ती विलक्षण रूपाने भेटते. मोहरीएवढ्या जागेत नुसते केंद्रकद्रव्य ठासून भरता आले, तर त्याचे वजन सुमारे दहा लाख टन भरेल. मेरू आणि मोहरी समान होण्याची जी आपत्ती टाळण्यासाठी आपल्या पूर्वजांनी परमाणू मानला, त्याच परमाणूच्या पोटातून एका मोहरीच्या पारड्यात टेकडी बसविणारा निकाल बाहेर आला.

आता राजारामपुरीच्या गल्ल्यांकडे परत येण्यास हरकत नाही. मेंडेलेयेव्हची सारणी वजनावर बसविलेली होती, पण काही ठिकाणी वजन दगा देई. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, तरी गुणांवरून त्याचे स्थान आयोडीनच्या आधी. आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड, तरी त्यालाही आधीचेच घर. रदरफोर्डच्या हाताखाली काम केलेल्या हेन्री मोस्ली या तरुणाने १९१३ मध्ये मूलद्रव्यांपासून निघणाऱ्या क्षकिरणांची मोजदाद केली आणि त्यास आढळले की एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना या किरणांच्या कंपनसंख्येचे वर्गमूळ ठराविक पायरीने वाढत जाते. ही पायरी म्हणजे केंद्रकातील धनभाराची पायरी. हायड्रोजन पहिल्या गल्लीत, हेलियम दुसऱ्या, सोने एकोणऐंशीव्या. वजन काय वाटेल ते असो, घर ठरते ते क्रमांकाने. ४३, ६१ आणि ७५ या क्रमांकांची घरे अद्याप रिकामी आहेत हेही त्या गणतीतून दिसले आणि पुढे ती सारी भरली. मोस्ली स्वतः ते पाहण्यास उरला नाही. महायुद्ध सुरू होताच तो सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गोळी लागून पडला.

यापुढील हकीकत पाठ्यपुस्तकांतून सर्वांस परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बोरने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनांस ठराविक कक्षा नेमून दिल्या; १९२६ च्या सुमारास श्रोडिंगर आणि हायझेनबर्ग यांच्या गणिताने त्या कक्षांच्या रेषा पुसट करून तेथे संभाव्यतेचे ढग आणले; चॅडविकला १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडला आणि केंद्रकाची खानेसुमारी पुरी झाली. भारतीय विज्ञान परिषदेच्या १९३८ च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्षपद रदरफोर्डने स्वीकारले होते. परंतु ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याच्या जागी जेम्स जीन्स आले. त्याच १९३८ च्या जुलैत कोल्हापुरात जयंत नारळीकरांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू झालेले फ्रेड हॉइल यांनी तीन सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये हे मांडून दाखविले की जड मूलद्रव्यांचे अणू ताऱ्यांच्या भट्टीत घडतात. गुजरीतले सोने पृथ्वीहूनही जुने आहे, असा याचा अर्थ.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमाच्या बातमीबरोबर अणू हा शब्द शास्त्र्यांच्या पाठशाळेतून आणि कॉलेजच्या वर्गातून उठून मराठी माणसाच्या ओसरीवर आला, तो दुर्दैवाने बाँबच्या पाठीवर बसून. त्याच वर्षी होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६९ मध्ये तारापूरच्या केंद्राने अणूपासून निघालेली वीज महाराष्ट्राच्या घरांत पोहोचविली. विद्यापीठ आल्यावर राजारामपुरीच्या पलीकडच्या माळावर, वाणीने अथवा तागडीने जे कळत नाही ते मोजणारी उपकरणेही आली.

मोडकांच्या पिढीने मराठीत जो परमाणू आणला तो अविभाज्य होता, आणि आज तो सिद्धांत जसाच्या तसा शिकविता येणार नाही. त्याबद्दल त्यांस उणे लेखण्याचे कारण नाही. डाल्टनचे कोष्टकही तसेच चुकीचे होते. चुकीची दुरुस्ती जो तो आपल्या भाषेत करू शकेल, इतपत विषय आपल्या भाषेत आणून ठेवणे हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले. ते काम पुढे चालविणाऱ्यांची संख्या आज त्यांच्या काळापेक्षा मोठी असावयास हवी होती. ती तशी नाही, आणि याचा जाब बाळाजी प्रभाकर मोडकांना नव्हे, आपल्याला द्यावयाचा आहे.